हुकूम आणि मोरपिसं

मागच्या महिन्यात अभ्यासवर्गात जे भांडण झालं त्यातनं हा लेख निघालाय. पॅलेस्टाईनचा विषय निघाला आणि अर्ध्या तासात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ज्यू म्हंजे आपल्यासारखेच. युरोपनं त्यांना शतकानुशतकं गावकुसाबाहेर ठेवलं, 'घेट्टो' हा शब्दच मुळात व्हेनिसमधल्या त्यांच्या कोंडलेल्या वस्तीचा, आणि हिटलरनं त्यातले साठ लाख मारले. एवढं सोसून त्यांना वीतभर जमीन मिळाली तर तुमच्या पोटात का दुखतं? दुसरा तट ओरडत होता, आपण पॅलेस्टिनींसारखे. ज्याची जमीन गेली, घर गेलं, वर ज्याला सांगितलं गेलं की तू इथं कधी नव्हतासच, तो आपला. घोषणा झाल्या. चहा गार झाला. मी मधेच विचारलं, गड्यांनो, या दोघांपैकी कुणाची एक तरी गोष्ट कुणी वाचलीय का? कुणी बोललं नाही. मग मीही गप्प बसलो, कारण माझंही सगळं ऐकीवच होतं.

दुसऱ्याच्या दुःखात आधी आपलं तोंड शोधायची ही आपली खोड वाईट. तोंड सापडलं की आपण पुस्तक मिटतो. म्हणून या खेपेला आधी वाचलं. दोन छोट्या कादंबऱ्या मिळवल्या, दोन्ही इंग्रजी भाषांतरात. एक हिब्रूतली, एस. यिझहारची 'खिर्बेत खिझे', १९४९ची. दुसरी अरबीतली, घस्सान कनफानीची 'हैफाला परत', १९६९ची. पहिली गाव रिकामं करणाऱ्यातल्या एकानं लिहिलेली, दुसरी घराबाहेर पडलेल्यातल्या एकानं.

दोन्हींच्या मुळाशी एकच साल आहे, १९४८. तेवढं आधी समजून घ्या. नोव्हेंबर १९४७ मध्ये युनोनं पॅलेस्टाईनची फाळणी ठरवली. (भारतानं विरोधात मत दिलं होतं. आपल्याकडच्या फाळणीचं रक्त तेव्हा ओलंच होतं.) लगेच लढाई पेटली. ९ एप्रिल १९४८ला दीर यासीन गावात इर्गुन आणि लेही या ज्यू संघटनांच्या बंदूकवाल्यांनी शंभराच्या आसपास गावकरी मारले. चारच दिवसांनी अरबांनी हदासा इस्पितळाकडं निघालेल्या गाड्या अडवून डॉक्टर-नर्ससकट ७८ माणसं मारली. मे महिन्यात इस्रायल जाहीर झालं, शेजारच्या अरब राष्ट्रांच्या फौजा आत शिरल्या. लढाई संपली तेव्हा सात लाखांवर पॅलेस्टिनी घराबाहेर होते आणि चारशेवर गावं ओसाड. काही भीतीनं पळाले, काहींना हाकललं. परत मात्र बहुतेकांना येऊ दिलं नाही. याला ते 'नकबा' म्हणतात, म्हंजे अरिष्ट. समोरच्याचा तो स्वातंत्र्यदिन.

आता यिझहार. त्याचं खरं नाव यिझहार स्मिलान्स्की, जन्म १९१६, रेहोवोतचा. युरोपातनं पळून आलेला नव्हे, तिथंच जन्मलेला. १९४८च्या लढाईत तो गुप्तवार्ता अधिकारी होता. तोफा पुरत्या गार व्हायच्या आत त्यानं ही गोष्ट लिहिली.

थंडीतला निवळ दिवस. सैनिकांची एक तुकडी टेकडीवर बसून हुकमाची वाट बघतेय. कंटाळलेली पोरं, खाणं, थट्टामस्करी. खाली गाव दिसतंय, कुंपणं, विहीर, कसलेली शेतं. लढाई अशी नाहीच. गावातले तरणे बहुतेक पळालेत. उरलेत म्हातारे, बाया, पोरं, आंधळे, लंगडे. त्यांना गोळा करायचं, ट्रकमध्ये भरायचं, हद्दीपलीकडं नेऊन सोडायचं. दगडी घरं उडवायची, मातीची जाळायची. दिवसभरात काम उरकतं. एवढीच गोष्ट. खिझे हे नाव काल्पनिक आहे, पण कुठल्या भागातलं गाव असेल ते कळतं. दक्षिणेकडचं. त्या दक्षिणेतली माणसं कुठं गेली? फार मोठ्या संख्येनं गाझा नावाच्या चिंचोळ्या पट्टीत. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

या कादंबरीत मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते त्या हुकमानं. यिझहार तो सुरुवातीलाच आपल्यापुढं मांडतो. हुकमाला नंबर आहे, तारीख आहे, कलमं आहेत. एवढं सगळं आहे, फक्त कुणी माणूस नाही. करणारा नाही आणि ज्याचं होणार तोही नाही. ही भाषा आपल्याला ओळखीची आहे, मित्रांनो. 'सदर अतिक्रमण हटविण्यात यावे.' कोण हटवणार, कुणाला हटवणार, त्यातल्या म्हातारीचं नाव काय, पातेल्यात भात शिजत होता का, हे त्या वाक्यात कधीच मावत नाही. यिझहारनं केलंय काय, तर त्या कोरड्या हुकमाच्या एकेका शब्दाला एकेक माणूस परत जोडलाय. हुकमात 'रहिवासी' आहेत. गोष्टीत उंट घेऊन निघालेला एक म्हातारा आहे, आणि पोरं त्याला मजेत विचारतायत, उंट पाहिजे का जीव पाहिजे. हे काम मोठं आहे. कुठल्याही भाषेत ते करणारा लेखक विरळा.

गोष्टीचा निवेदक त्यातलाच एक शिपाई आहे. त्याला हे सोसवत नाही. तो पुटपुटतो, कुरकुरतो, एकदोनदा तोंड उघडतो, आणि ट्रकांबरोबर चालत राहतो. पोराचा हात धरून चाललेली एक बाई त्याला दिसते. रडतेय, पण मान ताठ. तिच्याकडं बघताना त्याच्या डोक्यात वीज पडावी तसं होतं. त्याला वाटतं, हेच ते! घरातनं उठवणं, देशोधडी लावणं, लहानपणापासनं घरात आणि शाळेत आपल्या लोकांबद्दल जे ऐकत आलो ते हेच. फक्त या खेपेला लावणारे आपण. मोइशे नावाचा त्याचा वरचा माणूस त्याला समजावतो, अरे, आपले निर्वासित येतील, ही जमीन कसतील, सगळं छान होईल. मग निवेदक मनातल्या मनात कडू हसतो. हो, येतील की. सहकारी दुकान निघेल, शाळा निघेल, पक्षांची भांडणं होतील, आणि इथं आधी कुणी राहत होतं हे कुणाच्या गावीही नसेल. शेवटी ट्रक जातात, दरी शांत होते, आणि बायबलातल्या सदोम नगरीची आठवण देऊन गोष्ट थांबते. देव खाली उतरून बघेल, आक्रोश कानावर आला तसंच खरोखर घडलंय का.

जबरदस्त पुस्तक आहे, हे आधी मान्य करतो. आता माझी तक्रार. या अख्ख्या पुस्तकात गावातलं माणूस बोलतं किती? म्हातारा उंटासाठी गयावया करतो. कुणी रडतं, कुणी हात जोडतं. ती ताठ मानेची बाई एक शब्द बोलत नाही. ती दिसते सुंदर, वाटते थोर, पण ती निवेदकाच्या मनाच्या कामाला आलीय. तिला बघून त्याला स्वतःचं दुःख कळतं. तिचं स्वतःचं काय, हे विचारायला तो थांबत नाही. तिचं नावही आपल्याला कळत नाही. आपल्याकडं वाड्यातनं वस्तीवर लिहिलेल्या कळवळ्याच्या कथा आठवा. त्यातली महारीण नेहमी फार सोसते, फार थोर दिसते आणि फार कमी बोलते. लेखकाचे डोळे भरून येतात. कथा संपते. वस्ती तिथंच.

आणि कळवळ्याची दुसरी गंमत बघा. यिझहार त्याच १९४९ साली सत्ताधारी मापाय पक्षातर्फे खासदार झाला आणि पुढं बरीच वर्षं संसदेत होता. त्याच संसदेनं १९५० मध्ये गैरहजर मालमत्तेचा कायदा केला. लढाईच्या काळात जो आपल्या गावातनं शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात गेला तो 'गैरहजर', त्याची जमीन सरकारी रखवालदाराकडं. पण काही लोक इस्रायलच्या हद्दीतच दुसऱ्या गावात अडकले होते. नागरिक होते, मतदार होते. त्यांचीही घरं गेली. त्यांना नाव पडलं 'हजर गैरहजर'. हे मी रचून सांगत नाही, खरंच हे नाव आहे. माणूस समोर उभा आहे, हजेरीपटावर 'हजर' आहे, आणि त्याच्या शेताच्या उताऱ्यावर तो गैरहजर आहे. कुठल्या कवीला हे सुचलं नसतं, कारकुनाला सुचलं.

१९६४ पासून ही कादंबरी इस्रायलच्या शाळांच्या अभ्यासक्रमातही आली. म्हंजे पोरं वर्गात वाचायची, परीक्षेत उत्तर लिहायची, आणि अठराव्या वर्षी सैन्यात जायची. याचा अर्थ पुस्तक निरुपयोगी असा मी काढत नाही. १९७८ मध्ये त्यावर दूरदर्शनपट झाला तेव्हा शिक्षणमंत्र्यांनी तो रोखला, आणि ठरलेल्या वेळी टीव्हीच्या कर्मचाऱ्यांनी निषेध म्हणून पडदा काळा ठेवला. आठवड्यानं तो दाखवावा लागला. तीस वर्षांनीही ज्या पुस्तकाची मंत्र्याला भीती वाटते ते मेलेलं पुस्तक नव्हे. पण शाळेत लागलेला सदसद्विवेक आणि जमिनीचा उतारा हे दोन वेगळे कागद आहेत, एवढं आपण विसरू नये.

आता कनफानी. जन्म १९३६, अक्का शहरातला. बारा वर्षांचा असताना घर सुटलं. दमास्कसला वाढला, निर्वासितांच्या शाळेत मास्तर झाला, कुवेतला गेला, मग बैरुतला पत्रकारी. 'प्रतिकाराचं साहित्य' ही कल्पना अरबी समीक्षेत त्यानंच रुजवली, १९६६ साली त्यावर पुस्तक लिहून. म्हणून तो आपल्या कामाचा. पण मी त्याच्याकडं गेलो तेव्हा घोषणा वाचायला मिळेल असं वाटलं होतं. मिळालं वेगळंच.

जून १९६७च्या युद्धात इस्रायलनं उरलेलं पॅलेस्टाईनही घेतलं, आणि मधली हद्द ओलांडायला लोकांना मोकळीक दिली. गोष्ट तिथनं सुरू होते. सईद आणि त्याची बायको सफिया रामल्लाहून मोटारीनं हैफाला निघालेत, वीस वर्षांपूर्वीचं आपलं घर बघायला. रस्ते, वळणं सगळं पाठ आहे. हळूहळू कळतं की घराबरोबर तिथं आणखी काही राहिलंय. एप्रिल १९४८ मध्ये हैफा पडलं त्या दिवशी गर्दीच्या लोंढ्यानं दोघांना बंदराकडं ढकलत नेलं, बोटीत घातलं, आणि पाच महिन्यांचा खल्दून पाळण्यात राहिला. वीस वर्षं ते त्याचं नाव एकमेकांसमोर काढत नाहीत.

दार उघडते मिरियम. पोलंडची ज्यू म्हातारी. घरात खुर्च्या त्याच, फुलदाणी तीच, फुलदाणीत मोरपिसं. सईद मोजतो. सात होती, पाच उरलीत. तो विचारतो, दोन कुठं गेली? मिरियमला आठवत नाही. लहानपणी दोव खेळायचा त्यांच्याशी, त्यानंच हरवली असतील. दोव म्हंजे खल्दून. संध्याकाळी तो येतो, इस्रायली सैन्याचा गणवेश घालून.

यिझहारच्या गावात ओळखीची एक वस्तू नाही, नुसती घरं आहेत. कनफानीच्या घरात मोरपिसं मोजलेली आहेत. एक लेखक टेकडीवरनं बघतोय आणि एक आतनं, हे मला त्या पाच पिसांनी सांगितलं. घर गमावलेला माणूस आधी क्षेत्रफळ सांगत नाही, वस्तू मोजतो. आमच्या शेजारी झोपडपट्टी पाडल्यानंतर एक आजी तीन दिवस फक्त पाट्याच्या वरवंट्याबद्दल बोलत होती. पाटा सापडला होता, वरवंटा नव्हता.

पण कनफानीचं खरं धाडस पुढं आहे. त्यानं मिरियमला नुसती शत्रू ठेवली नाही. तिचा बाप ऑश्वित्झमध्ये मेलाय. तिच्या दहा वर्षांच्या भावाला जर्मन शिपायांनी तिच्या डोळ्यांदेखत गोळी घातलीय. ती आणि तिचा नवरा इफ्रात हैफाला आले तेव्हा ज्यू एजन्सीनं त्यांना घर दिलं, आणि घराबरोबर ते मूल. त्याआधी एकदा रस्त्यात तिनं बघितलं, दोन शिपाई एका मेलेल्या पोराला ट्रकात भिरकावतायत. तिनं नवऱ्याला सांगितलं, ते पोर अरबाचं होतं. कशावरनं? भिरकावलं त्यावरनं. ज्यू पोर असतं तर तसं फेकलं नसतं. तिला त्या दिवशी इथनं निघून जायचं होतं. गेली नाही.

विचार करा. ज्याचं घर गेलं, त्या माणसानं, १९६७च्या पराभवानंतर दोन वर्षांत, आपल्या घरात बसलेल्या बाईला तिचा ऑश्वित्झ दिला. पुरता दिला, हात आखडला नाही. आणि तिच्याच तोंडून साक्ष काढली. यिझहारनं आपल्या दुःखाच्या उजेडात दुसऱ्याला बघितलं. कनफानीनं दुसऱ्याचं दुःख त्याच्यापाशीच ठेवलं, वर त्याचा हिशेबही मागितला. सईदचं म्हणणं असं, की तुमच्यावर झालं ते खरं, पण दुसऱ्याच्या दुबळेपणातनं तुमचा हक्क जन्मत नाही. अभ्यासवर्गातल्या पहिल्या तटानं हे पुस्तक वाचावं. साठ लाखांचा आकडा कमी न करताही हा प्रश्न विचारता येतो. आणि दुसऱ्या तटानंही वाचावं. परवा एकजण बोलून गेला, ज्यूंच्या छळाच्या गोष्टी म्हंजे सगळी प्रचारबाजी. मला शरम वाटली. निर्वासित म्हणून वाढलेल्या कनफानीला जे नाकारावंसं वाटलं नाही ते आपण इथं बसून नाकारायचं?

दोव मात्र बापाला धू धू धुतो. पाळण्यात पोर टाकून पळालात, वीस वर्षं रडत बसलात, परत का आला नाहीत? बंदूक घेऊन का आला नाहीत? कनफानी आपल्या लोकांना शत्रूच्या गणवेशातल्या आपल्याच पोराच्या तोंडून हे ऐकवतो. आपल्यात असा लेखक निघाला तर आपण त्याला पहिल्याच सभेत पाडू.

कादंबरीच्या पोटात आणखी एक छोटी गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. फारिस नावाचा माणूस असाच याफाला आपलं जुनं घर बघायला जातो. दार उघडतो तो ज्यू नाही, अरबच निघतो. दिवाणखान्यात भिंतीवर फारिसच्या भावाची, लढाईत मेलेल्या बद्रची तसबीर, वीस वर्षांपूर्वी होती तिथंच. या भाडेकरूनं ती काढली नाही. पोरांना तिच्याखाली वाढवलं. फारिस तसबीर मागून घेतो, तोही देतो. अर्ध्या वाटेत फारिसला कळतं की आपला हिच्यावर हक्क उरलेला नाही. तो परत जाऊन देतो. तेवढ्या वेळात त्या घराच्या भिंतीवर जो पांढरा चौकोन पडलेला असतो, त्यावर कनफानी फार बोलत नाही. बोलायची गरजही नाही.

आता या दोन्ही पुस्तकांत नसलेल्या माणसांबद्दल. यिझहारचा मोइशे म्हणतो, निर्वासित येतील, राहतील. कनफानीच्या घरात पोलंडचं जोडपं आलं. पण खरोखर जे आले त्यात मोरोक्को, इराक, येमेनचे ज्यू लाखांनी होते. तिथल्या छळाला, दंगलींना, जप्त्यांना कंटाळून किंवा घाबरून आलेले. एकट्या इराकमधून १९५०-५१ मध्ये एक लाखावर आले. इस्रायलच्या युरोपीय ज्यू मालकवर्गानं त्यांना कुठं ठेवलं? तंबूत, वाळवंटातल्या नव्या वसाहतीत, नाहीतर अरबांच्या रिकाम्या घरात. जेरुसलेमचा मुसरारा मोहल्ला बघा. १९४८ पर्यंत तिथं खाऊनपिऊन सुखी पॅलेस्टिनी राहायचे. ते गेले, हद्द दाराशी आली, आणि त्या घरांत खोलीखोलीत मोरोक्कोच्या गरिबांना कोंबलं. त्याच मुसरारातनं १९७१ मध्ये बेकार पोरांची संघटना निघाली. नाव ठेवलं, ब्लॅक पँथर! अमेरिकेतल्या काळ्यांकडून उचललेलं. पुढच्याच वर्षी मुंबईत आपल्या पोरांनी तेच नाव उचललं. मुसराराच्या पँथरांनी १९७२ मध्ये श्रीमंत वस्तीच्या दारातल्या दुधाच्या बाटल्या उचलून गरीब वस्तीत वाटल्या. पंतप्रधान गोल्डा मेयर त्यांना भेटल्यावर म्हणाल्या, ही पोरं काही चांगली नाहीत. पुढं १९७७ मध्ये याच वस्त्यांनी मापायच्या वारसांवरचा राग मतपेटीत ओतला आणि बेगिनच्या उजव्या पक्षाला गादीवर बसवलं. पँथरांतला चार्ली बितोन मात्र कम्युनिस्टांच्या आघाडीतनं, अरबांच्या बरोबरीनं, संसदेत गेला. एकाच मोहल्ल्यातनं दोन वाटा. हे वाचून कुणाला काही आठवलं तर माझा नाइलाज आहे.

आणि यात मराठी माणूसही आहे. कुलाब्याकडचे बेने इस्रायल, तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली'. ते गेले इस्रायलला. १९५२च्या सुमाराला त्यातल्या काहींनी धरणं धरलं, आम्हाला परत भारतात न्या म्हणून, आणि काहीजण परत आलेही. पुढं १९६०च्या दशकात धर्मपीठानं अट घातली, यांच्याशी लग्न लावायचं तर आधी यांच्या आज्या-पणज्या शुद्ध ज्यू होत्या का ते तपासा. शुद्ध! लग्नाच्या मांडवात कुळाची शुद्धी विचारणारा माणूस कुठल्याही धर्माचा असो, आपल्याला लांबूनच वास येतो. १९६४च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले, संसदेला ठराव करावा लागला, धर्मपीठानं अट मागं घेतली. लढून जिंकले. त्यातले पुष्कळजण राहतात कुठं? दिमोना, अश्दोद, बीरशेबा. बीरशेबा म्हंजे ऑक्टोबर १९४८ पर्यंतचं बिर अस्-सबा. शहर पडलं तेव्हा तिथं उरलेल्या अरब बायापोरांना गाझाकडं पाठवलं. त्या जमिनीवर पुढं मराठी बोललं गेलं, मलिदा झाला, पोरींना हळद नसली तरी मेंदी लागली. ज्याला मांडवात कूळ विचारलं त्यालाच दुसऱ्याच्या गावात वसवलं. अभ्यासवर्गातले दोन तट याला कुठल्या बाजूला बसवणार?

हे तिसरं माणूस कनफानीच्या घरात नाही, ही त्याच्या कादंबरीतली मोठी उणीव. मिरियमच्या जागी मोरोक्कोची अरबी बोलणारी ज्यू बाई दार उघडती, तर सईद तिच्याशी कुठल्या भाषेत भांडला असता? एकाच भाषेत. ती कादंबरी कुणीतरी लिहायला हवी होती.

शेवटाकडं येतो, कारण माझं कनफानीशी खरं भांडण तिथं आहे. सईदला दुसरा मुलगा आहे, खालिद. त्याला फिदायीनमध्ये जायचं होतं, सईदनं अडवलं होतं. हैफाच्या घरातनं हरून निघालेला सईद ठरवतो की मायभूमी मागं नाही, पुढं आहे, खालिदनं बरोबर ओळखलं. माणूस म्हंजे रक्त नव्हे, माणूस म्हंजे बाजू, ध्येय. हे वाक्य दोवही मान्य करतो, सईदही. मला ते पटत नाही. माणूस नुसती बाजू झाला की ट्रकात भिरकावलेलं पोरही बाजूच होतं, आणि मिरियमनं जे बघितलं ते दिसायचं बंद होतं. जी कादंबरी एकेक मोरपीस मोजते, ती शेवटी दोन मुलगे समोरासमोर उभे करून त्यांना मोजणं सोडून देते.

हे मी आरामात बसून बोलतोय, हे कबूल. कनफानीनं किंमत मोजली. तो ज्या पॉप्युलर फ्रंटचा प्रवक्ता होता तिच्यासाठी तीन जपान्यांनी मे १९७२ मध्ये लोद विमानतळावर गोळीबार केला, २६ माणसं मेली. त्यातले बरेचसे पोर्तो रिकोहून आलेले ख्रिस्ती यात्रेकरू, ज्यांचा या भांडणाशी संबंध नव्हता. पाच-सहा आठवड्यांनी, ८ जुलैला, बैरुतमध्ये कनफानीच्या मोटारीत बॉम्ब फुटला. मोसादनं केलं असं सगळीकडं मानलं जातं. तो ३६ वर्षांचा होता. शेजारी बसलेली भाची लमीस १७ वर्षांची. तिचाही कशाशी संबंध नव्हता.

आणि १९६९ पासून पुढं मोजत या. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासनं गाझाची भिंत फोडून सुमारे १२०० माणसं मारली. किबुत्झमधल्या घरांत म्हातारे, पोरं, आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेले. त्यानंतर दोन वर्षं इस्रायलनं गाझावर जे केलं त्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली तोवर, तिथल्या आरोग्य खात्यानं मोजलेले मेलेले ६७ हजारांवर गेले होते. गाझातली बहुतेक माणसं १९४८च्या निर्वासितांची पोरं-नातवंडं. म्हंजे यिझहारच्या ट्रकांत बसलेल्यांची. दर वेळी पुन्हा हुकूम निघाले, अमुक भाग रिकामा करावा, अमुक रस्त्यानं जावं. नंबर होते, नकाशे होते. दोवचा नातू हुकमाच्या एका टोकाला असेल, खालिदचा दुसऱ्या. आपल्यातले काही ७ तारखेला पेढे वाटायला निघाले होते, काही नंतर गाझाचे फोटो बघून हसत होते. दोघांनाही मी ओळखतो. दोघंही आपल्याच मोर्चात असतात.

म्हणून मी परत परत सफियाकडं जातो. पोर पाळण्यात ठेवून ती बाहेर पडली होती, नवऱ्याला शोधायला. गर्दीनं तिला परत वळू दिलं नाही. वीस वर्षांनी ती त्या घरात बसलीय आणि कनफानी तिला काय देतो? रडणं. दोवशी बोलतो सईद, मिरियमशी बोलतो सईद, मायभूमी म्हंजे काय यावर व्याख्यान देतो तोही सईद. ज्या लेखकानं शत्रूच्या बाईला तोंड दिलं त्यानं आपल्या बाईचं तोंड पदरानं झाकलं. यिझहारची ती ताठ मानेची बाई आणि कनफानीची सफिया, दोघी दोन पुस्तकांत, दोन भाषांत, आणि दोघी गप्प.

परतीच्या वाटेवर मोटारीत दोघं काही बोलत नाहीत. रामल्ला जवळ येतं तेव्हा सईद बायकोकडं बघून म्हणतो, आपण नव्हतो तेवढ्यात खालिद निघून गेला असेल तर बरं. तिला एक पोर त्याच दिवशी दुसऱ्यांदा गमावावं लागलंय. या वाक्यावर ती काय म्हणाली ते पुस्तकात नाही. पुस्तक तिथंच संपतं.